माणसांबद्दलची आपली मतं कशी बनतात? पहिली छाप, ग्रह आणि गैरसमज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या माणसाशी ओळख होते तेव्हा त्याचं नाव नीट कानावर पडायच्या आत आपलं त्याच्याबद्दल काहीतरी मत झालेलं असतं. हे मत कसं तयार होतं, कुठे खरं ठरतं आणि कुठे हमखास फसतं, यावर सामाजिक मानसशास्त्रात कित्येक दशकं प्रयोग चालू आहेत. त्यातून जे हाती लागलं त्याच्या आधारे, लोक पुन्हा पुन्हा विचारतात त्या शंकांची उत्तरं इथे दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. चुकीचं मत सगळ्यांचंच होतं, त्याची मला फार काळजी वाटत नाही. ते दुरुस्त होण्याची वाटच आपण बंद करून टाकतो, त्याची वाटते. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा फिरून येईल.

पहिली छाप पडायला किती वेळ लागतो?

सेकंदाचा दहावा भाग पुरतो. जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, कधी 100 मिलिसेकंद, कधी अर्धा सेकंद, कधी पूर्ण सेकंद. हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, आक्रमक वाटतो का, असं विचारलं. वेळेचं बंधन नसताना लोक जी मतं देतात, तीच मतं 100 मिलिसेकंदांतही बरीचशी तयार झालेली दिसली. वेळ वाढवल्यावर मत फारसं बदललं नाही. स्वतःच्या मताबद्दलची खात्री मात्र वाढली.

चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो का?

नाही. म्हणजे, भरवसा ठेवण्याइतका तरी नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एखादा चेहरा ‘विश्वासू’ वाटतो की नाही, यावर वेगवेगळ्या लोकांचं बऱ्यापैकी एकमत होतं. पण दहा जणांचं एकमत झालं म्हणून ते मत खरं ठरत नाही, दहाही जण एकाच खुणेला फसलेले असू शकतात. ओठांचे कोपरे जन्मतःच थोडे वर वळलेले असतील तर चेहरा हसरा वाटतो आणि माणूस मनमिळाऊ समजला जातो. भुवया खाली आणि जवळ असतील तर तो रागीट ठरतो. मोठे डोळे, गोल चेहरा आणि लहान हनुवटी असलेल्या प्रौढ माणसाकडे आपण नकळत लहान मुलाचे गुण देऊन टाकतो, म्हणजे भोळा, निरुपद्रवी, थोडा दुबळा. थोडक्यात, क्षणभराच्या भावना वाचण्याचं आपलं कौशल्य आपण हाडांच्या ठेवणीवर वापरतो आणि तिथे ते लागू पडत नाही.

शिवाय एकाच माणसाचे दोन फोटो घेतले, उजेड, कोन, क्षण वेगळा असला, की त्याच्याबद्दलची मतंही बदलतात. हा बदल कधी कधी दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकाइतका मोठा असतो. स्वभाव चेहऱ्यात कोरलेला असता तर असं झालं नसतं.

या समजुतीने इतिहासात फार नुकसान केलं आहे. इटलीतील चेझारे लोंब्रोझो याने 1876 मध्ये ‘जन्मजात गुन्हेगार’ चेहऱ्यामोहऱ्यावरून आणि शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतो असा दावा केला. पुढे तो शास्त्रीय कसोटीवर टिकला नाही, पण तोवर त्याचा प्रभाव दूरवर पोहोचला होता. आजही ही सवय गेलेली नाही. टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकेतील सिनेटच्या उमेदवारांचे फोटो लोकांना जोडीने दाखवले आणि यातला कोण जास्त कर्तबगार वाटतो एवढंच विचारलं. फोटोतले चेहरे ओळखीचे नव्हते, पक्ष ठाऊक नव्हता. तरीही जो जास्त कर्तबगार वाटला तो उमेदवार सुमारे 70 टक्के लढतींत प्रत्यक्षात निवडून आलेला निघाला. यावरून कर्तबगारी चेहऱ्यावर दिसते असं सिद्ध होत नाही. मतदान करतानासुद्धा आपण चेहरे बघतो, एवढं सिद्ध होतं, आणि मला ते पुरेसं अस्वस्थ करणारं वाटतं.

मग शितावरून भाताची परीक्षा कधीच खरी ठरत नाही का?

ठरते, पण कशाची परीक्षा घेतोय त्यावर अवलंबून आहे. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांचा 1993 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. शिक्षक शिकवत असतानाच्या दहा-दहा सेकंदांच्या तीन चित्रफिती, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी दिलेले गुण आणि सत्राअखेरीस खुद्द विद्यार्थ्यांनी त्या शिक्षकांना दिलेले गुण यांत चांगलंच साम्य निघालं. हालचाल, उत्साह, समोरच्याकडे बघण्याची पद्धत यांतून खरंच काही कळतं.

पण या निष्कर्षाची मर्यादाही ओळखली पाहिजे. चित्रफितीवरचं मत विद्यार्थ्यांच्या मताशी जुळलं; विद्यार्थी किती शिकले, याच्याशी जुळलं असं त्यातून म्हणता येत नाही. बोलकेपणा, मोकळेपणा असे वरवर दिसणारे गुण लवकर ओळखता येतात. मनातली धास्ती बाहेरून सहज दिसत नाही. आणि खरेपणा? समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे केवळ ऐकून-बघून ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर येतात, असं चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 मध्ये असंख्य अभ्यास एकत्र करून दाखवलं. नाणं उडवून ठरवलं असतं तरी 50 टक्के हाती लागलेच असते. ‘मी माणूस बघताक्षणी ओळखतो’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा नीट वाचावा.

एखादाच शब्द ऐकून पूर्ण माणसाबद्दलचं मत कसं बदलतं?

या विषयाची सुरुवातच या प्रश्नापासून झाली असं म्हणता येईल. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1946 मध्ये लोकांना एका काल्पनिक माणसाचे गुण वाचून दाखवले: हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी दिली, फक्त ‘प्रेमळ’च्या जागी ‘भावनाशून्य’ घातलं. मग विचारलं, हा माणूस उदार असेल का? पहिल्या गटात सुमारे 90 टक्के ‘हो’ म्हणाले, दुसऱ्या गटात 10 टक्केसुद्धा नाहीत. उदारपणाबद्दल यादीत अवाक्षर नव्हतं! ‘प्रेमळ’ऐवजी ‘नम्र’ आणि ‘भावनाशून्य’ऐवजी ‘फटकळ’ घालून पाहिलं, तेव्हा मात्र एवढा फरक पडला नाही.

यातून अ‍ॅश यांनी जे सांगितलं ते आजही मोलाचं आहे. आपण गुणांची बेरीज करत नाही. काही गुण मध्यवर्ती असतात आणि ते बाकीच्यांचा अर्थच बदलून टाकतात. प्रेमळ माणसाची हुशारी आधाराची वाटते, भावनाशून्य माणसाची तीच हुशारी कावेबाज वाटते.

हॅरल्ड केली यांनी 1950 मध्ये हाच प्रयोग खऱ्याखुऱ्या माणसावर केला. वर्गात पाहुणे व्याख्याते येणार होते. विद्यार्थ्यांना त्यांची लेखी ओळख दिली. अर्ध्या प्रतींत ते ‘खूप प्रेमळ’ असल्याचं लिहिलं होतं, अर्ध्यांत ‘काहीसे कोरडे’. वर्ग एक, व्याख्याता एक, व्याख्यान एक. तरी ‘प्रेमळ’ वाचलेल्यांना ते जास्त आवडले. इतकंच नव्हे, तर त्यांच्यातले 56 टक्के विद्यार्थी चर्चेत बोलले. ‘कोरडे’ वाचलेल्यांतले 32 टक्केच. म्हणजे एका शब्दाने मतही बदललं आणि जवळ जायचं की लांब राहायचं हेही ठरवलं. दुरुस्तीची वाट बंद होते असं मी म्हणते, ती इथून बंद व्हायला लागते.

दिसायला चांगल्या माणसांना सगळेच गुण कसे काय मिळतात?

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या बाबींत गुण देत, पण ते गुण एकमेकांशी नको तितके जुळत. एका बाबीत चांगला म्हणजे सगळ्यांत चांगला. या परिणामाला आज आपण प्रभावळीचा परिणाम म्हणतो. देखणेपणाची प्रभावळ सर्वांत ठसठशीत असते.

निस्बेट आणि विल्सन यांनी 1977 मध्ये याची आणखी एक बाजू उघड केली. एका प्राध्यापकाची मुलाखत दोन प्रकारे चित्रित केली. एकीत ते आपुलकीने बोलले, दुसरीत तुटकपणे. आपुलकीची मुलाखत पाहणाऱ्यांना त्यांचं दिसणं, लकबी आणि परकीय उच्चार आकर्षक वाटले. तुटक मुलाखत पाहणाऱ्या बहुतेकांना त्याच गोष्टी खटकल्या. आणि विचारल्यावर या दुसऱ्या गटाचं म्हणणं उलटं: आम्हाला त्यांचं दिसणं-बोलणं खटकलं, म्हणून ते आवडले नाहीत. आपलं मत कशावरून झालं हे आपल्यालाच नेहमी ठाऊक असतं, हा समजच इथे कोसळतो.

आधी कानावर पडलेली गोष्ट जास्त टिकते का?

बहुतेकदा हो. अ‍ॅश यांनी ‘हुशार, कष्टाळू, उतावीळ, टीकाखोर, हट्टी, मत्सरी’ ही यादी एका गटाला सुलट आणि दुसऱ्याला उलट क्रमाने वाचून दाखवली. हुशारीपासून सुरुवात झाली तेव्हा माणूस गुणी, पण थोडे दोष असलेला वाटला. मत्सरापासून सुरुवात झाली तेव्हा त्याच्या दोषांनी त्याचे गुण झाकले. नंतर आलेली माहिती आपण आधीच्या साच्यात बसवून घेतो.

लोकांच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला का दिसत नाही?

कारण माणूस समोर असतो आणि परिस्थिती नसते. कुणी बैठकीला उशिरा आला तर तो बेफिकीर. आपण उशिरा पोहोचलो तर आपल्याला वाटेतली सगळी विघ्नं ठाऊक असतात.

एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांच्या 1967 च्या प्रयोगात लोकांनी क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचले. लेखकाला बाजू नेमून दिली होती, त्याला निवड नव्हती, हे स्पष्ट सांगूनही वाचकांना वाटलं की लेखकाचं खरं मत थोडंफार तसंच असणार. दहा वर्षांनी ली रॉस आणि सहकाऱ्यांनी प्रश्नमंजुषा घेतली. दोघांपैकी कोण प्रश्न विचारणार हे केवळ योगायोगाने ठरवलं. विचारणाऱ्याने स्वतःच्या आवडीच्या विषयांतले अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच उत्तर देणारा अडखळला. बघणाऱ्यांना हा सगळा बनाव डोळ्यांसमोर दिसत होता, तरी प्रश्न विचारणारा त्यांना जास्त ज्ञानी वाटला. उत्तर देणाऱ्यालाही तसंच वाटलं! खुर्चीमुळे मिळालेला वरचष्मा आपण किती सहज त्या माणसाची गुणवत्ता समजतो, हे कार्यालयात, वर्गात, घरात पडताळून पाहा.

डॅनियल गिल्बर्ट यांनी यामागची यंत्रणा सांगितली. आधी आपण वागण्यावरून आपोआप स्वभाव ठरवतो, मग परिस्थिती लक्षात घेऊन ते मत सावरतो. पहिली पायरी विनासायास होते, दुसरीला कष्ट पडतात. त्यांच्या 1988 च्या प्रयोगात एक अस्वस्थ स्त्री आवाज बंद असलेल्या चित्रफितीत बोलताना दाखवली. काहींना सांगितलं होतं की ती अडचणीच्या, खाजगी विषयांवर बोलते आहे. ज्यांचं डोकं मोकळं होतं त्यांनी ते ध्यानात घेतलं आणि तिला मुळातच घाबरट ठरवलं नाही. ज्यांना ते विषय पाठ करायचं काम दिलं होतं, त्यांना विषय आठवत होते, पण मत सावरायला डोक्यात जागा उरली नव्हती. थकलेले, घाईत असलेले, दहा कामांत अडकलेले असताना माणसांबद्दल निर्णय घेऊ नये, असं मी सांगते ते याच कारणाने.

ही सवय सगळीकडे सारख्या प्रमाणात मात्र नाही. जोन मिलर यांनी 1984 मध्ये अमेरिकन आणि भारतीय प्रौढांची तुलना केली तेव्हा कुणाच्या वागण्याचं कारण सांगताना अमेरिकनांनी स्वभावावर अधिक भर दिला, तर भारतीयांनी नाती, भूमिका, प्रसंग यांवर. लहान मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. म्हणजे परिस्थिती बघायला शिकता येतं.

एका वाईट कृतीने दहा चांगल्या कृती का पुसल्या जातात?

नीतीच्या बाबतीत आपला तर्क असा चालतो: प्रामाणिक वागणं लबाड माणसालाही जमतं, पण चोरी फक्त लबाडच करतो. त्यामुळे चोरीची एक घटना ‘जास्त सांगणारी’ वाटते. कर्तबगारीच्या बाबतीत उलट होतं. अवघड गणित एकदा सुटलं तर बुद्धी सिद्ध होते, न सुटल्याने ती खोडली जात नाही. जॉन स्कोव्रोन्स्की आणि डोनल कार्लस्टन यांनी 1980 च्या दशकात हा फरक मांडला आणि मला तो पटतो.

पण याहून महत्त्वाचं कारण डोक्याबाहेर आहे. जेर्कर डेनरेल यांनी 2005 मध्ये ते हिशेब मांडून दाखवलं. समजा पहिल्या भेटीत तुमचं कुणाबद्दल चुकून चांगलं मत झालं. तुम्ही त्याला पुन्हा भेटता, आणखी भेटता, आणि हळूहळू खरं काय ते कळतं. आता समजा चुकून वाईट मत झालं. तुम्ही त्याला टाळता. टाळल्यामुळे नवी माहिती येत नाही आणि ते मत तसंच राहतं, वर्षानुवर्षं. दोन्ही चुका सुरुवातीला सारख्याच असतात, पण एक आपोआप सुधारते, दुसरी नाही. यात कुणाचा द्वेष नको, पूर्वग्रह नको. नुसतं टाळणं पुरतं. आपल्या मनातल्या ‘न आवडणाऱ्या’ माणसांच्या यादीत चुका जास्त साठलेल्या असणार, हे यावरून उघड आहे. आणि जी माणसं आपल्याला योगायोगाने रोज भेटत राहतात, सहकारी, शेजारी, नातलग, त्यांच्याबद्दलची मतं अधिक न्याय्य असण्याची शक्यता आहे, कारण त्यांना टाळणं आपल्या हातात नसतं.

आपल्या अपेक्षेमुळे समोरचा माणूस खरंच तसा वागू लागतो का?

लागतो. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि एलेन बर्शाइड यांच्या 1977 च्या प्रयोगात पुरुषांनी अनोळखी स्त्रियांशी फोनवर गप्पा मारल्या. त्याआधी प्रत्येकाला एक फोटो दिला होता, आकर्षक किंवा अनाकर्षक. फोटो बोलणाऱ्या स्त्रीचा नव्हताच आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. नंतर फक्त स्त्रियांचं बोलणं तिसऱ्याच लोकांना ऐकवलं. ज्यांना समोरचा पुरुष आकर्षक समजत होता, त्या स्त्रिया ऐकणाऱ्यांना अधिक मनमोकळ्या आणि उत्साही वाटल्या. पुरुषाच्या सुरातल्या उबेला त्यांनी उबेने उत्तर दिलं होतं. त्या पुरुषाला विचारलं तर तो म्हणेल, ‘मला वाटलंच होतं!’

शिक्षकांच्या अपेक्षेने मुलांची बुद्धी वाढते, हा 1968 चा दावा याहून जास्त प्रसिद्ध आहे, पण त्याच्या पद्धतीवर बरीच टीका झाली आहे. परिणाम असतो, पण लोक सांगतात तेवढा मोठा नसतो.

एखाद्या गटाबद्दलची समजूत एकट्या माणसाबद्दलच्या मतात कशी शिरते?

बहुतेकदा पुराव्याच्या वेशात. डार्ली आणि ग्रॉस यांनी 1983 मध्ये लोकांना एका शाळकरी मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती गरीब वस्तीतली दिसली, काहींना सुखवस्तू घरातली. एवढंच पाहून तिची कुवत सांगायला लोक कचरले आणि दोन्ही गटांचे अंदाज जवळपास सारखे आले. मग इतर काही जणांना याच माहितीनंतर तिच्या चाचणीची चित्रफीतही दाखवली, सर्वांना एकच, काही उत्तरं बरोबर, काही चूक. आता मतं दुभंगली. सुखवस्तू समजणाऱ्यांना तिच्यात हुशारी दिसली, गरीब समजणाऱ्यांना कमतरता. पुराव्याने पूर्वग्रह विरघळतो, ही आपली भाबडी आशा आहे. पुरावा संदिग्ध असेल तर पूर्वग्रहाला उलट हक्काचं निमित्त मिळतं.

दुसऱ्याबद्दल वाईट बोललं तर आपल्याबद्दलचं मत बिघडतं का?

हो. तुम्ही कुणाला क्रूर म्हणत राहिलात, तर ऐकणाऱ्याच्या मनात तो क्रूरपणा थोडा तुमच्याही नावाशी जोडला जातो. प्रयोगांत हे दिसलं आहे. कौतुकाचंही तसंच होतं.

लोक माझ्याबद्दल काय विचार करत असतील?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी आणि बरा. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी शर्टवरचं चित्र पाहिलं असणार. प्रत्यक्षात ते सुमारे पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की नव्या ओळखीतल्या गप्पा संपल्यावर दोघांनाही वाटतं, मला तो आवडला त्यापेक्षा मी त्याला कमी आवडलो. दोघंही असंच समजतात, म्हणजे दोघंही चुकतात. लाजऱ्या लोकांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

नोकरीच्या मुलाखतीत माणूस कळतो का?

मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत फारच कमी. जेसन डाना आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या अभ्यासात मुलाखत देणाऱ्यांपैकी काहींनी उत्तरं ठरलेल्या नियमाने, खरं-खोटं न बघता दिली. तरीही मुलाखत घेणाऱ्यांना आपल्याला माणूस कळल्यासारखं वाटलं. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या निकषांवर गुण आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष कामाचा नमुना, ही पद्धत रुक्ष वाटते, पण अधिक न्याय्य आहे.

कुणाचं माझ्याबद्दल वाईट मत झालंय. ते बदलता येईल का?

येईल, पण नुसत्या चांगुलपणाच्या माऱ्याने वेळ लागतो, कारण प्रत्येक चांगली कृती जुन्याच साच्यात बसवली जाते. थॉमस मान आणि मेलिसा फर्ग्युसन यांनी 2015 मध्ये एक गोष्ट लोकांना वाचायला दिली. एक माणूस शेजाऱ्यांच्या घरांत घुसतो, नासधूस करतो आणि मौल्यवान काहीतरी घेऊन बाहेर पडतो. शेवटी कळतं की घरांना आग लागली होती आणि त्याने बाहेर काढली ती मुलं होती. वाचणाऱ्यांचं मत तिथल्या तिथे उलटलं, अगदी नकळत होणारं मतसुद्धा. त्याच माणसाचं दुसरं एखादं मोठं सत्कृत्य सांगून एवढा परिणाम साधला नाही, कारण त्याने जुन्या घटनेचा अर्थ बदलत नव्हता.

म्हणून ज्या प्रसंगामुळे मत बिघडलं त्या प्रसंगाकडे परत जावं लागतं. त्या दिवशी नेमकं काय चाललं होतं, हे सबबीचा सूर न लावता, थोडक्यात सांगा. ते शक्य नसेल तर निदान भेटीगाठी थांबू देऊ नका. एखादं काम बरोबर करायला मिळत असेल तर ते घ्या, शक्यतो पहिल्या प्रसंगापेक्षा वेगळ्या वातावरणातलं. आणि हाच प्रश्न उलट्या बाजूने पडला, म्हणजे आपलंच कुणाबद्दल वाईट मत झालं असेल, तर अजून किमान दोनदा, वेगवेगळ्या ठिकाणी त्याला भेटा. जिथे धोका, छळ किंवा फसवणूक आहे तिथे हा सल्ला लागू नाही. तिथून दूर होणंच योग्य.